न पाहता ‘पाहिले’ म्हणणारा शिक्का

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना रबरी शिक्का आहे, आणि मी खोटं बोललो आहे. एकदा चुकून नव्हे. चांगला दीड महिना, वहीमागून वही, पानामागून पान. माणसं तोंड वर करून खोटं बोलतात म्हणे. मी तोंड खाली करून बोललो, एवढाच काय तो फरक.

माझ्या तोंडावर एकच इंग्रजी शब्द कोरलेला आहे: सीन. म्हणजे ‘पाहिले’. माझ्या तोंडावर तो उलटा आहे आणि कागदावर सुलटा उमटतो. मला त्याचा फार अभिमान होता. आता नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतला. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी शिक्केवाल्याचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. फळीवर माझ्या एका बाजूला ‘रद्द’ होता, दुसऱ्या बाजूला ‘तातडीचे’. ‘रद्द’ कायम तोंड पाडून बसायचा आणि ‘तातडीचे’ सहा महिने तिथेच पडून होता. माझी मूठ लाकडाची, कातून गुळगुळीत केलेली. खाली रबराची पट्टी. माझी मागणी नोंदवायला बाई स्वतः आल्या होत्या.

बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. शाळेत त्यांना सगळे याच नावाने ओळखायचे. शिक्केवाला म्हणाला, “‘व्हेरी गुड’चा करून देऊ का? शाळावाले तोच नेतात.”

“नको हो. व्हेरी गुड मी हाताने लिहीन,” बाई म्हणाल्या. “हा फक्त वाचून झाल्याचा. आधी वाचणार, मग हा मारणार. उगाच कुठेही नाही.”

हे शब्द मी माझ्या कानाने ऐकले आहेत. म्हणून तर जास्त लागतं.

पहिली काही वर्षं बाईंनी बोलल्याप्रमाणे केलं. दुपारी शाळा सुटली की त्या घरी येत, चहा घेत, जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरत आणि वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढत. एकेक वही वाचायची, लाल पेनाने समासात काहीतरी लिहायचं, मग मला शाईच्या पॅडवर दाबून पानाच्या तळाशी टेकवायचं. टक्. हा माझा आवाज. तो आला की ती वही खरोखरच वाचलेली असायची. वर्गात मुलं एकमेकांना विचारत, “तुझा सीन झाला का?” आणि खोखो हसत. माझ्यावरून विनोद होतात याचाही मला अभिमानच होता.

आता कवितेबद्दल सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

बाईंना कविता शिकवायला फार आवडायचं आणि मुलांना ती पाठ करून टाकायला. नववीचा वर्ग. कवितेखाली प्रश्न असायचा, ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ आणि पंचावन्न मुलं गाइडमधलं एकच उत्तर स्वल्पविरामासकट लिहायची. एका वर्षी गाइडमध्ये छापताना एक शब्द चुकला होता, तर ती चूकसुद्धा पंचावन्न वह्यांत जशीच्या तशी आली. बाईंनी त्या दिवशी लाल पेन टेबलावर आपटलं आणि ठरवलं की आता मुलांनाच कविता लिहायला लावायच्या. इंग्रजीतून, स्वतःच्या, आठवड्याला एक. त्यासाठी वेगळी वही. तिचं नाव कवितेची वही.

त्यांची रीत साधी होती. घरातली कुठलीही एक वस्तू घेऊन या, तिच्याकडे पाच मिनिटं बघा आणि दहा ओळी लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. पण ‘ब्यूटिफुल’ हा शब्द वापरायचा नाही. मग पहिल्या तासाला कुणी नळाची तुटकी तोटी आणली, कुणी आजोबांचा एक काडी नसलेला चष्मा. ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे तो मुलगा काहीच न आणता आला आणि वर म्हणाला, “बाई, ब्यूटिफुल नाही म्हटल्यावर कविता करायची कशाची?”

“तुझ्या रिकाम्या हातांची कर,” बाई म्हणाल्या. वर्ग हसला. रेडिओने खरंच केली आणि ती बरी होती.

बाई बाकावर बोटांनी ताल धरून ओळ म्हणून दाखवायच्या, ओळ कुठे तोडली तर दम लागतो आणि कुठे तोडली तर पुढचं ऐकावंसं वाटतं हे सांगायच्या. ओळी लांब-आखूड व्हायला लागल्या. दोन्ही तुकड्या मिळून एकशे दहा वह्या आठवड्याला टेबलावर येऊ लागल्या. पहिले चार आठवडे बाईंनी त्यातली एकूण एक वाचली. मी साक्षीदार आहे.

त्या गठ्ठ्यात एक वही हळूबाईची होती.

हे नाव मुलांनी पाडलेलं. ती बेकरीवाल्यांची मुलगी. इतकं हळू बोलायची की हजेरीच्या वेळी तिच्या शेजारणीला हात वर करून सांगावं लागायचं, “बाई, ती ‘हजर’ म्हणाली.” रागावून काही उपयोग नव्हता, रागावलं की आवाज आणखी खाली जायचा. पण वहीत ती बोलायची. तिच्या पहिल्या कवितेत तिचे बाबा भट्टीपुढून वळतात तेव्हा भुवयांवरच्या पिठामुळे म्हातारे दिसतात आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण होतात, आणि तिला वाटतं की एक दिवस ते तोंड धुतील आणि पीठ जाणार नाही. इंग्रजीच्या चार चुका होत्या. बाईंनी एकही चूक दुरुस्त केली नाही. खाली लिहिलं, ‘भुवयांची ओळ मी दोनदा वाचली. पुढची कधी?’ मग मला टेकवलं. अशा पानावर बसताना माझी छाती फुगायची.

पाचव्या आठवड्यात सहामाहीचे पेपर आले. त्याच सुमारास नव्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की तपासणीला अधिकारी येणार आहेत, प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावर शिक्का हवा, कोरं पान दिसता कामा नये. पेपर एकीकडे, वह्या एकीकडे, आणि मध्ये बाईंचं डोकं. एका दुपारी बाईंनी हात टेकले आणि सासूबाईंना हाक मारली.

“आई, जरा एवढे शिक्के मारून देता का? सोमवारी वह्या परत द्यायच्यात. मी वाचते नंतर.”

सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. आता डोळ्यांना सुई दिसत नव्हती आणि नुसतं बसून राहायचा त्यांना कंटाळा. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. “मला काय कळतंय त्यातलं?” त्या म्हणाल्या.

“कळायचं काय त्यात? लिखाण संपलं की खाली मारायचा.”

सासूबाईंनी मला हातात घेतलं ते काजाला बटण लावावं तसं. एकही वाकडा नाही. प्रत्येक पानावर, बरोब्बर शेवटच्या ओळीला लागून. बाई कौतुकाने म्हणाल्या, “आई, तुमचे शिक्के तर माझ्यापेक्षा सुरेख.” सासूबाई लाजल्या. मीही खूश झालो. मित्रांनो, पहिल्या खोटेपणाला आम्हा तिघांनाही गोड वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ते ‘नंतर’ काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात पेपर संपायचे होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात निकाल लावायचे होते. बाई वाईट नव्हत्या. वह्या परत देताना त्यांना चुकल्यासारखं वाटायचं, मुलांकडे न बघता त्या गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवायच्या. पण सवय लागली. तपासणीचे अधिकारी आले, त्यांनी बाईंच्या वह्या टेबलावर मांडून इतर शिक्षकांना दाखवल्या आणि म्हणाले, “तपासणी अशी असावी.” शिक्षकांच्या खोलीत टाळ्या पडल्या. बाईंनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

हळूबाईचं काय झालं ते आता सांगतो. हे सांगताना मला फार जड जातं.

नववी संपायच्या आधी मुलांकडून विषय निवडीचा फॉर्म भरून घेत. पुढे इंग्रजी साहित्य घ्यायचं की टंकलेखन आणि कार्यालयीन कामकाज. एकदा फॉर्म गेला की गेला. हळूबाईच्या घरी तीन दिवस त्यावर बोलणं चाललं होतं. बाबा म्हणाले, तुझ्या बाईंना विचार, त्या म्हणतील तसं. विचारायचं कसं? तोंडाने विचारायला गेली असती तर बाई म्हणाल्या असत्या, “काय? जरा मोठ्याने,” आणि अख्खा वर्ग वळून बघितला असता. म्हणून तिने वहीत विचारलं.

सातव्या आठवड्याचं पान. वर तिची कविता, शाईच्या पेनाने. खाली बारीक अक्षरात, पेन्सिलीने: ‘बाई, मी साहित्य घेऊ का? मला लिहिता येतं का? इथे फक्त हो किंवा नाही लिहा. बाबांना दाखवायचं आहे.’

त्या दुपारी सासूबाईंनी पॅडमध्ये नवी शाई ओतली होती. मी नाकातोंडापर्यंत शाई पिऊन बसलो होतो. त्यांनी वही उघडली, कवितेची शेवटची ओळ शोधली आणि मला टेकवलं; खालची बारीक पेन्सिल त्यांच्या डोळ्यांना दिसलीच नाही. टक्. माझी शाई पसरली. तिच्या पेनाची शाईही कच्ची होती, दोन्ही मिसळल्या. शेवटच्या ओळीचं टोक माझ्याखाली गेलं. पेन्सिलीचा प्रश्न माझ्या खालच्या कडेला लागून स्वच्छ दिसत राहिला.

तो असा दिसत होता: ‘मला लिहिता येतं का?’ आणि त्याच्या डोक्यावर: ‘पाहिले.’

मुलगी ते पान घेऊन घरी गेली. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. नुसतं पाहिलं. पंधरा वर्षांच्या मुलीने त्याचा काय अर्थ लावावा? शुक्रवारी तिने टंकलेखनापुढे खूण केली आणि फॉर्म देऊन टाकला.

त्यानंतर तिने कविता लिहिली नाही. पण वही तर द्यायचीच होती. तेव्हा आठव्या आठवड्यात तिने यीस्टच्या डब्यावरचा मजकूर उतरवून काढला. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये. एकदा उघडल्यावर लवकर वापरावे.’ त्याखाली मी: पाहिले. नवव्या आठवड्यात लोण्याच्या खोक्यावरचा मजकूर. पाहिले. मी तिथे बसलो, सरळ, सुरेख, आणि काही म्हणालो नाही. म्हणणार काय? मला दुसरा शब्दच येत नाही. पण लाज तर वाटायला हवी होती. तीही मला उशिराच वाटली.

एका रविवारी सकाळी बाई शाळेचे कपडे इस्त्री करत होत्या आणि सासूबाई दहाव्या आठवड्याचे शिक्के मारत होत्या. एका वहीपाशी त्या थांबल्या. मला हातातच धरून त्यांनी मागची पानं उलटली. मग पुढची. पुन्हा मागची.

“अगं, ही मुलगी आजारी आहे का?”

“कोण?”

“ही बघ. आधी हिच्या ओळी कशा होत्या, एक लांब, एक आखूड, मापाने कापल्यासारख्या. आता नुसती सरळ पट्टी. कडेपासून कडेपर्यंत. हिने काहीतरी सोडून दिलंय.”

“आई, तुम्हाला इंग्रजी येतं का?” बाई हसून म्हणाल्या.

“इंग्रजी नाही येत. पण शिवण उसवलेली मला कळते.”

बाईंनी इस्त्री तशीच कपड्यावर ठेवली आणि वही घेतली. उभ्या उभ्या वाचायला लागल्या. थंड व कोरड्या जागी ठेवावे. त्यांचा चेहरा आधी गोंधळला. मग त्या मागे गेल्या, लोण्याचं खोकं, यीस्टचा डबा, आणि सातवं पान आलं. तिथे त्या किती वेळ थांबल्या कोण जाणे. सासूबाईंना जळका वास आला म्हणून त्यांनी धावत जाऊन इस्त्री उचलली आणि बटण बंद केलं.

“काय लिहिलंय गं?” सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी वही मिटली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांना लागलेल्या शाईकडे. “माझ्या हातून काही झालं का?” त्या म्हणाल्या, आणि त्या विचारण्याने बाईंना रडू फुटलं.

तसंच त्यांनी मला उचलून पर्समध्ये टाकलं, वही घेतली आणि त्या निघाल्या. मला कशाला घेतलं हे त्यांनाही ठाऊक नसावं.

बेकरीत रविवारची गर्दी होती. हळूबाईचे बाबा गल्ल्यामागून आनंदाने म्हणाले, “अरे वा, बाई! या, या. ए, बाईंना स्टूल दे.” मुलगी आतून स्टूल घेऊन आली, बाईंना पाहिलं आणि स्टुलाचा एक पाय दाराला अडकला तो तिला सोडवता येईना.

“फॉर्मबद्दल आले होते,” बाई म्हणाल्या.

“ते झालं की,” बाबा म्हणाले. “हिची फार इच्छा होती साहित्याची. पण मी म्हटलं, बाईंनी पाहिलं ना? पाहून गप्प बसल्या ना? म्हणजे नाहीच. तुम्ही उगाच कशाला गप्प बसाल? बरं झालं, पोरीला खोटी आशा नाही लावलीत.”

हे ऐकताना मी पर्सच्या आत, किल्ल्या आणि रुमालाच्या मध्ये होतो. मला आणखी आत जागा हवी होती.

बाई म्हणाल्या, “तसं नाही. झालं असं की त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी...” आणि थांबल्या. गिऱ्हाइकं ऐकत होती. मुलगीही ऐकत होती. मला वाटलं, आता सगळं त्या म्हातारीच्या माथी जाणार. क्षणभर मला हायसंही वाटलं. हे कबूल करायला मला फार वाईट वाटतं, पण वाटलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “शिक्का माझा आहे. मी तुझी कविता वाचली नाही. त्या पानाच्या आधीची दोन पानंही वाचली नाहीत आणि नंतरचीही नाहीत. न वाचता ‘पाहिले’ म्हणून दिलं. तू विचारलेलं मला आज सकाळी कळलं.”

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मुलगी काहीतरी म्हणाली. कुणालाच ऐकू आलं नाही. बाईंनी ‘मोठ्याने बोल’ म्हटलं नाही. गल्ल्याला वळसा घालून त्या तिच्याजवळ गेल्या आणि कान पुढे केला.

“मला वाटलं वाचून आवडली नाही,” ती म्हणाली. “न वाचलेली बरी की वाईट, बाई?”



सोमवारी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुदत संपल्यावर फॉर्म बदलायचा तर विषय शिक्षकांनी लेखी कारण द्यावं लागे. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, वाद त्यांना नको असे. “त्यात काय, बाई! कारणाच्या रकान्यात ‘नजरचूक’ लिहा. विषय मिटला.”

“नजरचूक व्हायला आधी नजर जावी लागते, सर. माझी गेलीच नव्हती.”

“अहो, पण गेल्या महिन्यात तुमच्याच वह्यांचं कौतुक झालंय. लेखी दिलंत तर ते वरपर्यंत जाईल. मला गप्प बसता येणार नाही.”

“बसू नका,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं. आपण पाचव्या आठवड्यापासून दोन्ही तुकड्यांच्या कवितेच्या वह्या न वाचता शिक्का मारून परत दिल्या, विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे राहिलं, तिचा फॉर्म बदलून मिळावा. मुख्याध्यापकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी नववी तुमच्याकडे ठेवता येणार नाही, हे समजून असा.” बाईंना नववी म्हणजे जीव की प्राण. त्या “बरं” म्हणाल्या.

मग वर्गात त्यांनी तेच सांगितलं. मला टेबलावर ठेवून, उभ्याने. त्यांना वाटलं होतं मुलं अवाक होतील. पण रेडिओ म्हणाला, “आम्हाला माहीत होतं, बाई. मी एकच कविता पाच आठवडे दिली. पाचही सीन झाल्या.” कुणीतरी मागून म्हणालं, “मी तर गणितं लिहिली होती.” वर्ग हसायला लागला आणि बाईंकडे बघून हळूहळू थांबला.

“माहीत होतं तर बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” रेडिओ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पुढे काही बोलला नाही.

मधल्या सुट्टीत बाई हळूबाईला घेऊन रिकाम्या वर्गात बसल्या. नवा फॉर्म समोर ठेवला, पण आधी वही उघडली. “तुझ्यासमोर वाचते,” म्हणाल्या. पाचव्या आठवड्याची वाचली, सहाव्याची वाचली. मोठ्याने, बोटांनी ताल धरून, एका ओळीवर थांबून पुन्हा मागे जात. मुलगी आपल्याच ओळी दुसऱ्याच्या आवाजात ऐकत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मग सातवं पान आलं. भट्टीतल्या पावांची कविता होती ती. ओळीने लावलेले पाव, कुणाकुणाच्या घरी जाणारे. बाई वाचत शेवटापर्यंत आल्या.

“‘आणि मागच्या कोपऱ्यातला एक, कुणीच न मागवलेला, तो सगळ्यांत...’” बाई थांबल्या. पान उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, चष्मा काढून डोळ्यांजवळ नेलं. “सगळ्यांत काय गं? या शिक्क्याखाली काय शब्द आहे?”

मुलीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठांनी ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली, तो शब्द आपोआप येतो का म्हणून.

“आठवत नाही, बाई,” ती म्हणाली. या वेळी मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं. “चांगला शब्द होता.”

बाईंनी पेन्सिलीच्या प्रश्नाखाली ‘हो’ लिहिलं. मुलीने फॉर्मवर साहित्यापुढे खूण केली. तिच्या बाबांनी संध्याकाळी सही केली. एवढं तरी झालं. पण त्या वहीत तिने पुढे काही लिहिलं नाही, आणि वर्ष संपल्यावर ती वही बाईंकडेच राहिली. ती पुढे लिहीत असेल का, मला माहीत नाही.

बाईंनी त्या दिवसापासून मला वापरलं नाही. त्या आता पाचवीला शिकवतात, वह्या कमी घेतात आणि वाचून झालं की हाताने काहीतरी लिहितात, कधी दोनच शब्द. मी टेबलाच्या खणात आहे. माझं रबर कडक झालं आहे, कडेला भेगा पडल्या आहेत. मला त्याचं काही नाही. सासूबाई अधूनमधून खण उघडतात, माझ्याकडे बघतात आणि खण लावून घेतात. त्यांना मी काही दोष देत नाही. हात त्यांचा होता, ‘नंतर’ बाईंचं होतं, पण बोललो मी.

रात्रंदिवस मला एकच गोष्ट खाते. तो शब्द मीसुद्धा पाहिला नाही. मी त्याच्यावर पडलो तेव्हा माझं तोंड शाईने भरलेलं होतं. त्या पोरीने कुठून तरी शोधून आणलेला तो शब्द, त्यावर मी ‘पाहिले’ म्हणून बसलो आहे, आणि तो कुणीच पाहिलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे शिक्षक झालात आणि वाचायला वेळ झाला नाही, तर पान कोरं परत द्या आणि सांगा, अजून वाचलं नाही. मुलं थांबतात. आणि आज तुमच्या दप्तरातल्या वहीत माझा एखादा भाऊबंद असा न वाचता बसला असेल, तर ते पान घेऊन तुमच्या बाईंकडे जा, सरांकडे जा, आणि म्हणा, हे वाचा. ते चिडणार नाहीत. चिडले तरी जा.